विजेच्या व्हॅनची गळती

"आधी तो बझर बंद करा," कर्णिक साहेब म्हणाले. "फॉल्ट नंतर बघू."

साहेब आमचे एमडी. नव्वदच्या दशकात रबाळ्याच्या आमच्या फॅक्टरीत विजेवर चालणारी व्हॅन तयार होत होती आणि मी इलेक्ट्रिकल टेस्टिंगची इन्चार्ज होते. दुसऱ्या दिवशी मंत्री व्हॅन बघायला येणार होते. सकाळी व्हॅनची पूजा झाली आणि थोड्याच वेळात बझर वाजायला लागला.

"गाडी चालतेय ना?" साहेबांनी विचारलं.

"चालतेय."

"मग प्रॉब्लेम काय?"

प्रॉब्लेम तोच होता. व्हॅनमध्ये बऱ्याच बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, व्होल्टेज घरातल्या लाइटीएवढं. प्लस आणि मायनस, दोन्ही टोकं गाडीच्या पत्र्यापासून अलग ठेवायची असतात. एका टोकाची वीज पत्र्यात उतरली तर कोणालाही काही जाणवत नाही. गाडी मजेत धावते. पण मग पत्र्याला टेकून उभ्या माणसाचा हात दुसऱ्या टोकाला लागला, की तो मेलाच समजा. बझर पहिल्या गळतीलाच ओरडतो, दुसरी होऊ नये म्हणून.

मार्केटिंगचे भल्ला म्हणाले, "मॅडम, मिनिस्टरसाब को बोलेंगे, वेलकम म्युझिक है."

"एका दिवसाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "बझरची वायर काढून टाका."

"काढते. पण उद्या बॅटरीचा डबा उघडून मंत्र्यांना दाखवायचाय. तो तुम्ही उघडाल?"

साहेबांना कंबरदुखी आठवली. "भल्ला दाखवतील."

भल्लांना तळोज्यातला एक सप्लायर आठवला. उद्याच भेटायचं होतं म्हणे, आणि तेही त्याच वेळेला.

"बरं, शोधा मग," साहेब म्हणाले. "पण संध्याकाळच्या आत."

मी आणि फोरमन पाटील कामाला लागलो. पाटील खाडीकाठच्या गावातले, कंपनी उभी राहिली तेव्हापासूनचे. मोटरची केबल काढली, बझर चालूच. चार्जर सोडवला, तरी चालूच. म्हणजे गळती बॅटरीच्या डब्यातच होती. रबरी हातमोजे चढवून मी झाकण उचललं. मंत्र्यांऐवजी आपलाच नंबर लागतो की काय, असं वाटून गेलं.

आत बॅटऱ्यांच्या डोक्यावर चिकट ओल होती. कुंकवाचा लाल ओघळ, झेंडूच्या दोन पाकळ्या आणि करवंटीचा तुकडा.

"पाटील, हे काय?"

"नारलाचा पानी हाय," पाटील शांतपणे म्हणाले. "सायबांनी सकाली झाकनावरच फोरला ना. मी बोललो, चाकापुढं फोरा. ते बोल्ले, बॅटरी म्हंजे गारीचं कालीज, इथंच फोरतो."

बॅटरीचा गॅस बाहेर जावा म्हणून झाकणाला फटी ठेवल्या होत्या. तीर्थ त्यातूनच आत उतरलं होतं. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज छान वाहते.

बॅटऱ्यांमधल्या जोडपट्ट्या सोडवल्या, सगळं पुसलं, ब्लोअरने सुकवलं आणि पुन्हा जोडलं. बझर गप्प झाला. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"कोणाची चूक?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"डब्यात नारळाचं पाणी गेलं होतं, साहेब."

त्यांनी पेन उघडलं. मग म्हणाले, "नारळ कोणी आणला होता?"

मंत्री आले, व्हॅनमध्ये बसले, आवारात एक चक्कर मारून खूश होऊन गेले. डबा मीच उघडून दाखवला. तळोज्याचं काम भल्लांनी फोनवर उरकलं होतं. फोटोत ते मंत्र्यांच्या शेजारी आहेत. पुढच्या व्हॅनपासून फटी झाकणावरून काढून डब्याच्या बाजूला केल्या. माझ्या रिपोर्टात 'नारळ' हा शब्द खोडून साहेबांनी 'नैसर्गिक द्रव' असं लिहिलं. मी सही केली. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबरच होतं.

पुढे नोकरीत मी अशी, चूक झाली की ओरडणारी, बरीच यंत्रं बसवली. बसवताना सगळ्यांचं एकमत असतं. यंत्र काम करायला लागलं की मतभेद सुरू होतात.