देवायची दया

मनकर्णाबाई तायडे बोलायला बसली की समोरच्याला उठू देत नाही, अशी तिची अकोटात ख्याती होती. नवरा खुशालराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक. घरी आला की साबणाने ग्रीसचे हात घासता घासता तो तिच्या गोष्टी ऐकायचा आणि मधूनमधून "बरं, मंग?" म्हणायचा. याला एवढं एकच वाक्य येतं, असं ती सगळ्यांना सांगायची. दोन उन्हाळ्यांआधी खुशालराव छातीत दुखतं म्हणाला आणि अकोल्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेला. त्यानंतर मनकर्णाबाईच्या लक्षात आलं, की आपल्याला बोलायची नाही, ऐकवायची सवय होती.

मुलगा पियुष बंगळुरूला मोठ्या कंपनीत. सून आकांक्षा तिथलीच नोकरदार. पियुषचा फोन रविवारी यायचा. जेवली का, बीपीची गोळी घेतली का, एवढं विचारून झालं की मागून कोणीतरी त्याला हाक मारायचं. मग मनकर्णाबाईच्या तोंडून नेमकं नको ते निघायचं. "ठेव बाप्पा. तुमाले कायले टाइम भेटते आमच्यासाठी." तिकडे फोन बंद व्हायचा आणि इकडे ही पुढचा आठवडाभर स्वतःवर चिडलेली. पियुष तिला बंगळुरूला ये म्हणायचा. ती एकदा गेलीही होती. चौदाव्या मजल्यावर तिला खिडकीशी उभं राहवेना, आणि खाली कोणाशी बोलावं तर भाषा येईना. महिन्याच्या आत परत आली.

तर खुशालराव गेल्याच्या पुढच्या वर्षी आषाढी पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळाभर एकाच जागी मुक्कामाला, एक भंते आले. शीलबोधी त्यांचं नाव. मूळचे मोर्शीकडचे, वय कोवळंच, पण बोधगयेला राहून देशोदेशीच्या भिक्खूंबरोबर शिकलेले. दरवर्षी पावसाळ्यात विहारात ग्रंथवाचन व्हायचं, तसं ते झालंच. पण वाचन संपलं की भंते म्हणायचे, आता थोडा वेळ नुसतं बसू. पांढरं लुगडं नेसून बायका बसायच्या. मनकर्णाबाईही बसायची, मुख्यतः घरी जायचं टाळायला.

भंते सांगायचे, आधी स्वतःचं भलं चिंतायचं. मग आपल्या माणसाचं. मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याचं, मग ज्याच्याशी वाकडं आहे त्याचं. इथवर सगळ्यांना जमलं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "आता जे दिसत नाहीत त्यांचं. प्रेतलोक, नरक, देवलोक अशा दुसऱ्या लोकांमधल्या जिवांचं. प्रेतलोकातला जीव कसा सांगितलाय, माहीत आहे? पोट रांजणाएवढं आणि गळा सुईच्या नाकाएवढा. पाणी समोर आहे, पण उतरत नाही. त्याच्याजवळ मनाने जाऊन बसा."

मागच्या रांगेतून कुलदीप उठला. तो विहार समितीचा अध्यक्ष, शाळेत मास्तर, सरळ माणूस. "भंतेजी, माफ करा. भूत, प्रेत, पितर, हे सारं सोडलं म्हनून आपन मानूस झालो. आमच्या आज्यानं घरातले देव नदीत सोडले. आता पुन्हा प्रेतायले घरात घ्याचं का?"

भंते रागावले नाहीत. "तुमच्या आज्यानं बरोबर केलं," ते म्हणाले. "मी कोणाला घाबरायला सांगत नाही, नैवेद्य ठेवायला सांगत नाही, मागायलाही सांगत नाही. अशी जगं आहेत का, हे मीही पाहिलेलं नाही. जो दिसत नाही, ज्याच्याकडून काही मिळायचं नाही, जो आभारही मानणार नाही, त्याच्यासाठी आपलं मन मऊ होतं का, तेवढं पाहायचं."

कुलदीप बसला, पण त्याला ते पटलं नव्हतं. बायकांमध्येही चुळबुळ झाली. मनकर्णाबाईचं मात्र तिकडे ध्यान नव्हतं. गळा सुईच्या नाकाएवढा, हे ऐकलं तेव्हाच ती चांदूर बाजारला, माहेरच्या घरात जाऊन पोचली होती. तिच्या मायला घशाचा कॅन्सर झाला होता. शेवटी शेवटी पाण्यात कापूस भिजवून ओठांवर पिळायचा, तर ते पाणी हनुवटीवरून ओघळून जायचं, आणि माय नजरेनं तांब्याकडे पाहत राहायची. प्रेतलोक आहे की नाही, हे मनकर्णाबाईला ठाऊक नव्हतं. तो जीव कसा पाहत असेल, हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ती डोळे मिटून इतकी रडली की बाजूची ज्योत्स्ना घाबरली.

तेव्हापासून तिला हे बसणं आपलं वाटायला लागलं. नरकातल्या जिवांसाठीही तिला फार कष्ट पडले नाहीत. जिनिंगमध्ये तिने उमेदीची वर्षं काढली होती. पत्र्याखालचा एप्रिल, श्वासात जाणारा कापसाचा भुरका, हे सगळं तिच्या छातीत अजून घरघरत होतं. अडलं ते देवलोकाशी.

"देवायची कायची दया करता भंतेजी?" तिने सरळ विचारलं. "त्याइले काय कमी हाये?"

भंते हसले. "काही कमी नाही, तेच त्यांचं दुःख. तिथं सगळं मिळतं, म्हणून कोणी थांबत नाही, कोणी मागं वळून पाहत नाही. हे संपणार आहे, हे कोणाला आठवतच नाही. मग एक दिवस गळ्यातले हार सुकायला लागतात. कधी घाम न आलेल्या अंगाला घाम येतो. आसनावर मन लागत नाही. आणि सोबतचे हळूहळू लांब सरकतात."

"सरकू द्या," मनकर्णाबाई म्हणाली. "भोगलं नं इतके दिवस."

बायका हसल्या. भंतेही हसले आणि म्हणाले, "राहू द्या मग. जबरदस्तीनं करुणा होत नाही."

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. भंतेंना नवी वस्त्रं देऊन चीवरदान झालं, भंते पुढे निघून गेले. दुसऱ्या आठवड्यात विहारात बसायला चारच बायका आल्या, त्याच्या पुढच्या वेळी ज्योत्स्ना आणि ती. मग ज्योत्स्नाही म्हणाली, "घरचे बोलतात व बाई. मनकर्णा पितर पुजून राहिली म्हनतात." मनकर्णाबाईला हे फार लागलं. तिच्या घराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांवाचून तिसरा फोटो नव्हता. खुशालरावासाठी तिने कधी पान वाढलं नव्हतं, कावळ्याची वाट पाहिली नव्हती. पण भांडायला जावं तर कोणाशी? तिने विहारात जाणं सोडलं आणि घरीच बसू लागली. दिवेलागणीला टीव्ही बंद करायची, पंख्याखाली सतरंजी टाकायची. बोलक्या बाईला गप्प बसण्याचीच सोबत उरली. आजूबाजूच्या घरांतून फोडणीचे वास यायचे, कुणाच्या तरी पोराला मार बसायचा, गेटं वाजायची. तिच्याकडे कोणी येत नव्हतं.

मार्चमध्ये खुशालरावाच्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. पियुष येतो म्हणाला. मनकर्णाबाईनं आदल्या दिवशीच वांगी आणली, कढीसाठी दही लावलं, त्याच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. दुपारी अंगणाशी पांढरी गाडी उभी राहिली. नागपूरला विमानाने उतरून तो गाडी करून आला होता, आणि गाडी थांबवूनच ठेवली होती.

"आई, रात्रीचंच परतीचं विमान आहे," तो पाया पडता पडता म्हणाला.

बुद्धवंदना आटोपली, लोक जेवून गेले. दोघं मायलेक पुढच्या खोलीत बसले. पियुष तेजाळ दिसत होता. दात, चष्मा, मनगटावरचं घड्याळ, सगळं चमकत होतं. "आई, एक सांगायचंय. कॅनडाला जायचं ठरलंय. मला आणि आकांक्षाला, दोघांनाही. तिथलं आमचं घर पाहशील तर..." त्याने फोनमध्ये फोटो दाखवायला सुरुवात केली. हे स्वयंपाकघर. हे मागचं तळं. हे झाड थंडीच्या आधी लाल होतं. बोटाने तो एकेक चित्र सरकवत होता, आणि तेवढ्यात फोन वाजला की उठून अंगणात जायचा, इंग्रजीत हसून बोलायचा, परत यायचा. "कुठपर्यंत आलो होतो?"

मनकर्णाबाईच्या ओठांवर ते नेहमीचं वाक्य आलंच होतं. तेवढ्यात फोटो दाखवायला त्याने हात लांब केला आणि तिला त्याच्या निळ्या शर्टाच्या काखेत घामाचा ओला डाग दिसला. पंखा फिरत होता, तरी डाग पसरत होता. कानामागचे केस बापासारखेच पांढरे व्हायला लागले होते. त्याला ते माहीत नसावं. माहीत असलं तरी आठवत नसावं. तो झाडाच्या लाल पानांविषयी सांगत होता.

हा माझ्यावर रुसलेला नाही, मला विसरलेलाही नाही, तिला वाटलं. हा अशा ठिकाणी राहतो जिथून मागचं दिसत नाही. आणि तिथूनही एक दिवस उतरावं लागणार. त्या वेळी बाजूला कोण असेल याच्या? मी तर नसणार. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

पियुष गडबडला. फोन खाली ठेवून जवळ सरकला. "आई, रडू नको नं. मी येत जाईन. वर्षातून एकदा तर नक्की."

"त्याच्यासाठी नाई रडत रे."

"मग कशासाठी?"

हे त्याला कसं सांगावं, ते तिला कळेना. पदराने तिने त्याचं कपाळ पुसलं. "लय घाम आला तुले," एवढंच म्हणाली. "कढी घे अजून. गार हाये."

तो दोन वाट्या कढी प्यायला. उन्हं कलली तशी गाडी निघाली. वळणावर त्याने काचेतून हात हलवला असेल; धुळीत तिला नीट दिसलं नाही.

त्या संध्याकाळी घर तिला खायला उठलं. सतरंजी टाकावीशी वाटेना. चपला घालून ती विहाराकडे चालू लागली. दाराला कुलूप होतं. पायरीवर बसली, तोवर कुलदीप मोटरसायकलवरून आला. पियुष आल्या दिवशीच परत गेला, हे कोणाकडून तरी त्याच्यापर्यंत पोचलं असावं. कुलूप काढून त्याने दिवा लावला, पंखा सुरू केला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"मावशी, बसत जा इथंच. मले ते पटत नाई, अन् पटनारबी नाई. पन तुमी इथं बसा."

"लोक बोलतीन तुले."

"बोलू द्या." दारापर्यंत जाऊन तो पुन्हा वळला. "फक्त माइकवर काही सांगू नका."

कितीतरी दिवसांनी मनकर्णाबाई मोकळी हसली.

मग ती रोज तिथेच बसू लागली. कधी ज्योत्स्ना यायची, बहुतेकदा कोणी नाही. पियुष जूनमध्ये कॅनडाला गेला. फोन कमी झाले, रविवारचे महिन्यावर गेले. एकटेपण काही कमी झालं नाही. पावसाळ्यात तर पाच-पाच दिवस ती कोणाशी धड बोलायची नाही. पण फोन आला की ते "कायले टाइम भेटते" तिच्या तोंडून निघत नव्हतं. झाडाचं काय झालं, तळं गोठलं का, हे ती विचारायची, आणि पियुष आधीपेक्षा जास्त वेळ बोलायचा.

डिसेंबरात एकदा ती विहारात बसलेली असताना फोन वाजला. तिकडे सकाळ होती. आवाज पडलेला.

"आई, बर्फ पडतोय. रस्त्यावर माणूस दिसत नाही. आकांक्षा कामासाठी बाहेरगावी गेलीय." मग म्हणाला, "तू काय करत होतीस?"

"विहारात बसली होती."

"एकटीच?"

मनकर्णाबाईने एवढ्या मोठ्या रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली.

"एकटीच म्हन," ती म्हणाली. "तू बोल. मी ऐकून राहिली."