समुद्रातून परत आलेली पिशवी

आप्पा गेल्याचा निरोप आला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत बेडकाचं प्रॅक्टिकल चालू होतं. त्यांचा धाकटा भाऊ मल्लिनाथ भवानी पेठेतलं किराणा दुकान तसंच उघडं टाकून सायकलनं आला होता. दारातूनच म्हणाला, “सर, आप्पा गेले. जेवून बसले हुते, बसल्या जागीच...” मुलांचे चिमटे हवेतच थांबले. त्या टेबलांवरचा प्रत्येक मेलेला जीव इतकी वर्षं आप्पांच्याच हातून पुढं येत होता.

आप्पा म्हणजे चन्नाप्पा, आमचे लॅब असिस्टंट. घरात अंडंही न येणारा माणूस, आणि काम मेलेले प्राणी उघडून बरण्यांत भरून ठेवायचं. कात्री लावण्याआधी ते गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावत आणि हळूच कानडीत म्हणत, “तप्पायितु.” म्हणजे, चूक झाली. मी नवा असताना हसून विचारलं होतं, “चूक कुणाची, आप्पा?” ते म्हणाले, “ते काय म्हाईत न्हाई सर. पर कुणीतरी म्हणाया पायजे की.”

दरवर्षी आम्ही मुलांना घेऊन कोकणात जायचो, समुद्रातले जीव दाखवायला. एका वर्षी मल्लिनाथानं दुकानासाठी पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या छापून घेतल्या होत्या. लाल अक्षरात दुकानाचं नाव, खाली ‘भवानी पेठ, सोलापूर’. पेठेत तेव्हा त्याचं फार कौतुक. सहलीची शेंगाचटणी त्याच पिशव्यांतून आली. होडीत जेवणं झाल्यावर आप्पांनी सगळ्यांच्या रिकाम्या पिशव्या नीट गोळा केल्या आणि पाण्यात सोडून दिल्या. “एवढा मोठा समुद्र, त्याला काय हुतंय?” ते म्हणाले. मीही माझी पिशवी त्यांच्या हातात दिली होती.

पुढच्या वर्षी त्याच किनाऱ्यावर एक मोठं कासव मरून पडलेलं सापडलं. अंगावर जखम नाही, जाळ्याचा वळ नाही. कशानं मेलं ते मुलांना दाखवावं म्हणून मी आप्पांना ते उघडायला सांगितलं. नेहमीसारखं “तप्पायितु” म्हणून त्यांनी कात्री लावली. आतडं एका ठिकाणी गच्च फुगलं होतं. तिथून त्यांनी एक बुळबुळीत गोळा बाहेर काढला आणि पाणी भरलेल्या ट्रेमध्ये सोडला. गोळा सावकाश उलगडत गेला. काठ वर उचलले गेले, पोट पाण्यानं फुगलं, आणि ती वस्तू ट्रेमध्ये श्वास घेतल्यासारखी हलू लागली. “जेलीफिश!” एक मुलगी ओरडली. कासवालाही तसंच वाटलं असणार... कासवं जेलीफिश खातात, हे मीच सकाळी शिकवलं होतं.

आप्पा मात्र खाली वाकून पाहत होते. लाल रंग बराच उडाला होता, तरी ‘सोलापूर’ स्पष्ट वाचता येत होतं.

“दुसऱ्या कुणाची असेल,” मी म्हणालो.

“सर, भवानी पेठेतनं हितं कोण येतंय? आपणच की.”

आप्पा कासवाजवळ गुडघे टेकून बसले आणि पुन्हा म्हणाले, “तप्पायितु.” ते सवयीनं उच्चारलेलं नव्हतं. चूक कुणाची हे त्यांना आता कळलं होतं.

ती पिशवी त्यांनी पाणी भरलेल्या बरणीत घालून सोलापूरला आणली आणि थेट भावाच्या दुकानात तागडीशेजारी ठेवली. मल्लिनाथ भडकला. “सोलापूरला कुटला आलाय समुद्र? गिऱ्हाईक पिशवी मागतंय, मी काय करू?” आप्पा वाद घालत नव्हते. फळीला कुणाचा धक्का लागला की बरणीतली पिशवी हळूच उघडायची, मिटायची. बायका विचारत, “हे काय हाय ओ, जिवंत हाय का?” आप्पा सांगत, “न्हाई. पर एक जीव घेतलाय.” चौथ्या दिवशी मल्लिनाथानंच पिशव्यांचा गठ्ठा माळ्यावर टाकला आणि पुन्हा कागदाच्या पुड्या बांधायला लागला. मला म्हणाला, “ते माझ्याकडं बघतंय असं वाटतं सर.” शेजारची दुकानं मात्र बदलली नाहीत. आप्पा त्यांच्याही पायऱ्या चढत राहिले. कुणी ऐकत, कुणी हसत.

आप्पा गेल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी शांतव्वा मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं जुन्या धोतरांचे चौकोनी तुकडे रचून ठेवले होते. रिटायर झाल्यापासून गेलं वर्षभर आप्पा दुपारी बसून धोतरं फाडत, शांतव्वा त्यांच्या पिशव्या शिवत, आणि आप्पा त्या पेठेत फुकट वाटत. रोज दुपारी टर्र, टर्र आवाज चालायचा म्हणे. ढिगावर एक धोतर पडलं होतं. त्याची फाट मध्यापर्यंत सरळ आली होती आणि तिथंच थांबली होती. मी नकळत हात पुढं केला.

“नका ओ सर,” शांतव्वा घाईनं म्हणाल्या. “तेवढं त्यांचं त्यांना फाडू द्या.”

मी हात मागं घेतला. आम्ही दोघंही त्या कापडाकडं बघत बसलो... कान देऊन.