मैलापुरात एक दिवस रांगोळी चुकली

२००६ साली कंपनीनं मला पुण्याहून चेन्नईला धाडलं. ऑफिस शहराबाहेर सिरुसेरीला, म्हणून बरोबरच्या सगळ्यांनी त्याच बाजूच्या वेलचेरीत फ्लॅट घेतले. मला मात्र गावाच्या पोटात राहायचं होतं. मैलापुराहून ऑफिसच्या बसला दीड तास लागायचा, पण हौसेला मोल नसतं.

तिथल्या मोठ्या देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत कमलाअक्कांच्या माडीवर खोली मिळाली. अक्का सत्तरीच्या, एकट्या, तंजावरच्या मराठी. पंधरवड्यातच त्या बहिणीकडे निघाल्या.

"आठ दिवस कुंभकोणाला जातें. रोज सकाळीं सडा घालून कोलम काढणें. चुकलास तर खोली खाली करणें. सेरिया?"

मी मान डोलावली. ही खोली मला काही केल्या सोडायची नव्हती.

तीन दिवस मी उंबऱ्यापुढे कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, म्हणून पिठाच्या रेघोट्या काढल्या. येणारेजाणारे थांबून बघत आणि पुढे जात. शनिवारी भटकलो. तुम्ही गेलात तर सहालाच बाहेर पडा: इडली, वडा आणि काफी (मला वीस रुपयांत पडली), मग तळ्याभोवतीच्या चारही रस्त्यांवर फुलं, पितळ, पापड. पायांचे तुकडे पडले. रविवारी नऊपर्यंत झोपलो. आपल्याकडे रांगोळी नसली तर फार तर आज सण नाही एवढंच कळतं.

दार वाजलं. शेजारचे सुंदरम मामा, रिटायर्ड बँकवाले, मागे अर्धी गल्ली.

"तंबी, अक्का कधी गेल्या?" त्यांनी हळू आवाजात इंग्रजीत विचारलं.

"बुधवारी. कुंभकोणमला. येतील येत्या बुधवारी."

मामांनी डोक्याला हात लावला. उंबऱ्यावर कोलम नाही म्हणजे घरात कोणीतरी वारलं, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक. समोरच्या घरातल्या पाटी, म्हणजे आजी, तर पदर तोंडाला लावून रडत होत्या. अक्का धडधाकट आहेत हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. पण मामांनी त्याआधीच अक्कांच्या बहिणीकडे सांत्वनाचा फोन केला होता, आणि तो उचलला होता अक्कांनीच. आवाज अक्कांसारखा वाटला, पण लाईन खराब असावी, असं समजून मामांनी सगळं सांत्वन पूर्ण केलं होतं.

संध्याकाळी अक्का हजर. मी बॅग भरूनच बसलो होतो.

"किती लोक आले?"

"चौदा."

"समोरची?"

"आल्या होत्या. फार रडल्या."

"सहा वर्षें बोलली नाहीं माझ्याशीं." अक्कांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "बॅग वर ने. मी तिला काफी देऊन येतें."

मी तिथे दीड वर्ष राहिलो. आता पुण्यात पाचव्या मजल्यावर राहतो. मागच्या महिन्यात चार दिवस तापानं पडून होतो. दाराची बेल एकदाही वाजली नाही. तेव्हा मला त्या चौदा जणांची फार आठवण आली.