सुभेदारांचं शिफारसपत्र

जयराज औंधजवळच्या वाडीचा. चुलत्याच्या आधारानं तो अमेरिकेत गेला आणि १९९४ साली कायरोप्रॅक्टर होऊन परत आला. औषध नाही, ऑपरेशन नाही. पाठीचे आणि मानेचे मणके हातांनी जागेवर आणायचे, हे त्याचं शिक्षण. सांगलीत दवाखाना टाकायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण ही पदवी आपल्याकडच्या नोंदणीच्या यादीतच नव्हती. त्यानं अर्ज केला, अभ्यासक्रमाचं भाषांतर जोडलं, प्रत्येक विषयाचे तास लिहून दिले. दीड वर्षानं उत्तर आलं : समिती विचार करील, तोपर्यंत डॉक्टर म्हणवून घेऊ नये, उपचार करू नयेत.

"आबा, नावापुढं डॉक्टर लावू नका," त्यानं वडिलांना बजावलं.

वडील हंबीरराव, सैन्यातले निवृत्त सुभेदार. "चार वर्षं काय तिथं म्हशी राखल्यास व्हय रं?"

यमाईच्या यात्रेत गावानं जयराजचा सत्कार ठेवला. मागं कापडी फलक : 'हाडांचे अमेरिकन डॉक्टर जयराज'. फलक हंबीररावांनीच रंगवून आणला होता. सरपंच दादासो अवघडलेली मान वाकडी धरून खुर्चीत बसले होते.

"दाव की गड्या, अमेरिकेत काय शिकलास ते!" ते म्हणाले.

सगळी वाडी बघत होती. जयराजनं एकदा वडिलांकडं पाहिलं आणि दादासोंची मान हातात घेतली. कट्‌ आवाज झाला. टाळ्या पडल्या. स्थानिक पेपरात फोटो आला.

पुढं नोंदणी समितीचे तिघे चौकशीला सांगलीच्या विश्रामगृहात आले. जयराजनं तास, विषय, परीक्षा सगळं नीट सांगितलं. मधे बसलेले अध्यक्ष मान डोलावत होते. मग त्यांनी फाइलमधून एक कात्रण काढलं. तोच फोटो, तोच फलक.

"हे तुम्हीच?"

"हो. पण हे तुम्हाला कुणी..."

अध्यक्षांनी कात्रणाला टाचलेलं पत्र पुढं सरकवलं. 'मुलगा हुशार आहे. सरपंचांची मान एका झटक्यात बरी केली. पुरावा सोबत. तरी मेहेरबानी व्हावी.' खाली सही, हुद्दा आणि पलटणीचं नाव. पलटणीत शिफारशीशिवाय काही हलत नसे, म्हणून हंबीररावांनी ते रजिस्टर पोस्टानं धाडलं होतं.

हंबीरराव बाहेर बाकावर पदकं लावून बसले होते. त्यांना आत बोलावलं. पत्र पाहून त्यांचा चेहरा खुलला. "पोचलं म्हणायचं!"

"सुभेदारसाहेब," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "बढतीचा हुकूम निघायच्या आधीच एखाद्या शिपायानं दंडावर नाईकाच्या फिती लावल्या असत्या, तर तुम्ही काय केलं असतं?"

हंबीररावांनी क्षणभरही विचार केला नाही. "फिती उतरवून कोठडीत घातला असता."

"ऐकलंत?" अध्यक्ष जयराजला म्हणाले आणि त्यांनी शेरा लिहिला. अर्ज नामंजूर. कोठडी नको, शेऱ्याची फक्त एक प्रत पोलिसांत गेली.

जयराज आता माधवनगरला एका गिरणीत हजेरी घेतो. गेल्या दिवाळीला वाडीवर गेला, तेव्हा हंबीरराव चार दिवस अंथरुणाला खिळलेले होते. कंबर धरली होती.

"जरा हात लावून बघ की रं."

जयराजनं डोळ्यांनीच पाहिलं. कुठला मणका ते त्याला लगेच कळलं.

"मला परवानगी न्हाई, आबा," तो म्हणाला, आणि फराळाचं ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसला.