भरून टाकलेली रेघ

लाकडी ठसा कोरून छापलेलं माझं चित्र फ्रेमवाल्याकडून घरी आणलं, कागद सोडला आणि डोकंच फिरलं. जास्वंदीच्या प्रत्येक पाकळीभोवतीची पांढरी रेघ त्यानं काळ्या पेनानं भरून टाकली होती! फोन केला तर म्हणतो, "मॅडम, कडा रंगवायच्या राहिल्या होत्या. म्हटलं, आपणच भरून देऊ."

राहिल्या होत्या? फळीवर खाच कोरली की तिथे रंग लागत नाही, कागद पांढरा राहतो. त्या खाचांसाठी मी आठवडाभर वाकून बसले, बोटं कापून घेतली. रंग काय, तासाभरात लागले. मोकळी भिंत दिसली की खिळा ठोकणारी, कुणी गप्प बसलं की बडबड सुरू करणारी ही माणसं! माझी सगळी मेहनत त्या पांढऱ्यात होती, आणि त्याला नेमकं तेच राहून गेलेलं वाटलं.