आवाज न करणारी गाडी

विजेवरची स्लीपर बस कोकणात सुरू झाली तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांनी खिदळून घेतलं. म्हणे, घाटात चार्जिंग संपलं की उतरा धक्का मारायला! मग दुसऱ्या मजल्यावरचे काका तिच्यातून गावी जाऊन आले. कंबर धरली नाही, डिझेलचा वास नाही, आवाज तर अजिबात नाही. झालं! गणपतीपर्यंत अख्खी चाळ तिच्या नादी लागली आणि आमची जुनी खडखडणारी ट्रॅव्हल्स रिकामी धावून धावून बंद पडली.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परळला ठरलं होतं. तिला आता नुसतं धूसर दिसतं, आणि तारीख मिळाली होती ती डॉक्टरांच्या हातापाया पडून. मी मोबाइलवरून नव्या गाडीचं तिकीट काढलं. गावी शेजारची वहिनी तिला सकाळी फाट्यावरच्या शेडमध्ये बसवून कामाला गेली. त्यात नवीन काही नव्हतं. चढणीवर गाडीची घरघर ऐकली की आई उठायची, रस्त्याकडेला येऊन हात करायची. वर्षानुवर्षं ती अशीच मुंबईला आली.

माझा फोन वाजला. ‘तुमची बस आली आहे.’ माझी? मी इथे लालबागला भाजी निवडतेय! पाठोपाठ दुसरा मेसेज, ‘प्रवासी हजर नाही.’

तणतणत परळचं बुकिंग ऑफिस गाठलं. काचेमागचा माणूस थंडपणे म्हणाला, “मॅडम, गाडी थांबली होती. रस्त्यावर कोणी नव्हतं.”

“अहो, म्हातारी शेडमध्ये बसली होती! हॉर्न वाजवायला काय हात मोडले होते?”

“हॉर्न नाही वाजवत आम्ही. आतले पॅसेंजर झोपलेले असतात.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आतल्यांच्या झोपेची एवढी काळजी, आणि बाहेर वाट बघत बसलीय तिचं काय? गाडी बनवणाऱ्या एवढ्या हुशार डोक्यांत फाट्यावरचं एक माणूस येऊ नये? कसली मेली सुधारणा ही!

ऑपरेशनची तारीख गेली ती गेलीच. घरी येऊन आईला फोन लावला. त्या गाडीचा चांगला उद्धार करणार होते, पण तिने मला बोलूच दिलं नाही. तिचा आवाज रडवेला झाला होता.

“गाडी इली नि गेली म्हणतत, माका कायच ऐकाक येवक नाय गो. डोळे गेलेच हत, आता कानय गेले. ऑपरेशनाचा रवांदे. आधी कानाच्या डॉक्टराक दाखव माका.”