नातीची भाषा

टॅबवरच्या खेळात एक बेकरीवाली आहे. तिच्याशी जर्मन बोलून पाव घ्यायचा. कितीदाही विचारलं तरी ती हसऱ्या चेहऱ्यानं पुन्हा सांगते. जर्मनीत वाढणाऱ्या नातीशी बोलता यावं म्हणून वर्षभर मी या बेकरीवालीकडूनच शिकले.

रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीला जर्मनमध्ये विचारलं, "आज काय खाल्लंस?" ती खुलली आणि भरभर बोलत सुटली. मला काहीच कळेना. प्रश्न विचारता आला म्हणजे उत्तर समजतं असं नाही. "पुन्हा सांग," म्हटलं, तर तिनं फोन आईकडे दिला.

"आई, राहू दे ना. कंटाळते ती," लेक म्हणाली.

"मग तिला थोडं मराठी शिकवायचंस."

"तिला काय उपयोग त्याचा?"

हे तिनं मराठीतच विचारलं, मीच तिला बोलायला शिकवलेल्या मराठीत.